एकट्याचा नकार

माझे धाकटे मामा जयसिंगराव दळवी यांना धारमध्ये सगळे तात्याच म्हणत. विधायक, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशातले आमदार, झाल्यावरसुद्धा कोणी ‘विधायकजी’ अशी हाक मारली की ते आधी मागे वळून बघायचे. मागे कोणी थोरामोठा माणूस उभा असेल असं त्यांना वाटायचं.

आमच्या आजोळची मंडळी संस्थानच्या काळात दफ्तरात होती. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, उरला तो फक्त ‘दळवीसाहेब’ हा शब्द. तात्यांनी सिंचन खात्यात उपयंत्र्याची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची, नोकरी धरली आणि पंचवीस वर्षं नालछाच्या आसपासचे लहान लहान तलाव मोजण्यात काढली. पाळ कुठे खचली, गाळ किती साचला, कुठलं पाणी कोणत्या शेताला जातं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पाहुण्यांना मांडू दाखवायला नेलं तर लोक महालाकडे बघायचे आणि तात्या महालाच्या पन्हळीकडे.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

एकोणऐंशी साली पाऊस कमी झाला होता. नालछाच्या अलीकडे बोरखेडी नावाचं गाव आहे, तिथल्या तलावात जेमतेम एका पाण्यापुरतं पाणी होतं. हरभरा वाळायला लागला. मोरीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या, दरवाजाला खात्याचं कुलूप होतं आणि ते उघडायचं तर वरून परवानगी लागे. तात्यांनी कागद पाठवला. एकोणीस दिवस गेले, उत्तर नाही. विसाव्या दिवशी वेस्ता नावाच्या शेतकऱ्याने दगडाने कुलूप फोडलं आणि गावाच्या शेतांना पाणी दिलं. तात्यांनी नियमाप्रमाणे तक्रार लिहिली. वेस्ता चार दिवस कोठडीत बसला. तेविसाव्या दिवशी परवानगी आली.

“तो कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो,” तात्या म्हणाले. “वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘साब, अब इसका क्या करूँ?’ खरंच विचारत होता गं. चेष्टा नव्हती त्यात. चेष्टा असती तर बरं झालं असतं.”

तात्या राजकारणात गेले ते अपघातानेच. शहाण्णव साली उमाबाईमामी गेली. मुलगा अंबरीश बंगलोरला नोकरीला. तात्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि घरात एकटे राहू लागले. सकाळी फिरणं, दुपारी पेपर, संध्याकाळी माझ्याकडे चहा. मी मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. पोरींच्या वह्या तपासत असले की ते शेजारी बसून उत्तरं वाचायचे आणि स्वतःशीच हसायचे. अठ्ठ्याण्णवच्या निवडणुकीत पक्षाच्या दोन गटांत तिकिटावरून इतकी हाणामारी झाली, की जिल्ह्याचे पुढारी संताजीराव वैतागून म्हणाले, “द्या त्या दळवीला. कुणाचाच माणूस नाही, कुणाचंच नुकसान नाही.” तात्यांना गावोगाव लोक ओळखत होते. ते निवडून आले.

ती पहिली तीन वर्षं त्यांच्या घराला माणसांचा आवाज होता. सकाळी सातला ओसरीवर चपलांचा ढीग. कुणाचं ट्रान्सफॉर्मर, कुणाची बदली, कुणाचा दाखला. “तात्या भिया, जरा फोन लगा दो” असं म्हणत लोक थेट स्वयंपाकघरापर्यंत येत. तात्यांना त्याचा त्रास होईल असं मला वाटलं होतं, पण ते खुशीत होते. एकदा मी म्हटलं, “तात्या, दोन घास तरी शांतपणे खा.”

“शांतपणे फार जेवलो,” ते म्हणाले.

दोन हजार एकमध्ये आमच्या प्रदेशात गावांचा कारभार ग्रामसभेकडे देण्याचा कायदा झाला. तात्यांच्या दृष्टीने त्यात सगळ्यात मोठी गोष्ट एकच होती, ती म्हणजे लहान तलाव आता गावाचे. कायद्याची छोटी पुस्तिका घेऊन ते गावागावात फिरले. बोरखेडीला तेव्हा सकरीबाई सरपंच होती, वेस्ताची सून. वेस्ता तोवर वारला होता. ती चौथीपर्यंत शिकलेली, बोलायला रोखठोक. तात्यांनी तिच्या हातात मोरीच्या कुलपाची किल्ली दिली तेव्हा मी बरोबर होते. तिने किल्ली पदराला बांधली आणि विचारलं, “फिर वापस तो नी मांगोगा, दादा?”

“नाही मागणार,” तात्या म्हणाले.

पुढच्याच वर्षी ती मागायची वेळ आली.

दिल्लीत एक बेत ठरला होता. देशातले सगळे जलाशय, अगदी गावतळ्यापर्यंत, एका राष्ट्रीय मंडळाच्या हाताखाली आणायचे. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला तसा कायदा करायचा तर राज्यांच्या विधानसभांनी आधी ठराव करून संमती द्यायला हवी. मंडळाबरोबर मोठ्या योजना येणार होत्या, म्हणून सत्तेतले आणि विरोधातले दोघेही राजी होते. इतकं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तात्यांनी तो मसुदा तीनदा वाचला. त्यात एक ओळ होती: तलावातून पाणी सोडणं, मासे धरणं, गाळ काढणं, हे सगळं मंडळाच्या लेखी परवानगीने.

त्यांनी पक्षाच्या बैठकीत हरकत घेतली. कोणी उलट बोललंच नाही. बैठक संपल्यावर संताजीरावांनी त्यांना बाजूला घेतलं. हे तात्यांनीच मला नंतर सांगितलं.

“तात्या, दिल्लीतून फोन आलाय. तुमच्या नावानिशी.”

“माझं नाव दिल्लीला कसं ठाऊक?”

“आता झालंय. उद्या गप्प बसा. बोलू नका, विरोध करू नका, पाहिजे तर सभागृहात येऊच नका. ताप आलाय म्हणा.”

“ताप नाहीये मला.”

“तुम्हाला कळतंय का,” संताजीराव म्हणाले, “की तुमच्या एका मताने काहीसुद्धा होणार नाही?”

“हो, ते कळतंय.”

मी त्या आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी भोपाळलाच होते. तात्यांनी दर्शक दीर्घेचा, म्हणजे प्रेक्षकांच्या सज्जाचा, पास काढून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी विधायक विश्रामगृहातल्या त्यांच्या खोलीवर गेले, तर ते भाषण लिहीत बसले होते. आधी मराठीत लिहायचं, मग हिंदी करायचं, ही त्यांची पद्धत. हिंदीतल्या दोनचार शब्दांसाठी त्यांनी मला विचारलं. शेजारच्या खोल्यांतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. एरवी कोणी ना कोणी पान खायला डोकावायचं म्हणे. त्या दिवशी कोणी आलं नाही.

सभागृहात त्यांना चार मिनिटं मिळाली. वर बसून मला त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस तेवढे दिसत होते. त्यांनी घटना, संघराज्य असे मोठे शब्द वापरलेच नाहीत. बोरखेडीच्या कुलपाची गोष्ट सांगितली. तक्रार लिहिणारा अधिकारी मीच होतो, हेही सांगितलं. तेव्हा मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. तात्या थांबले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “भोपाळहून उत्तर यायला तेवीस दिवस लागले. दिल्ली तर त्याहून लांब आहे. आम्ही गावांना आत्ता कुठे किल्ली दिली. वर्षसुद्धा झालं नाही. ती परत मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

घंटी वाजली. ते बसले. टाळी नाही, आरडाओरडा नाही. पुढच्या सदस्याने ‘या ऐतिहासिक ठरावाचं स्वागत’ करायला सुरुवात केली.

मग आवाजी मतदान. अध्यक्ष म्हणाले, जे पक्ष में हैं वे हाँ कहें. अख्ख्या सभागृहातून एक मोठा ‘हाँ’ उठला. जे विपक्ष में हैं वे ना कहें.

तात्या म्हणाले, “ना.”

एवढ्या मोठ्या दालनात तो आवाज किती लहान होता, हे मला कधी नीट सांगता येत नाही. घरात कोणी नको म्हणावं, पोळी नको, भात नको, तसा. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “कौन बोला?” माझे मामा आहेत, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, आणि ते मला आजही बोचतं.

दुपारी आम्ही कँटीनमध्ये बसलो. चार जणांचं टेबल होतं. लोक ताट घेऊन येत, तात्यांना नमस्कार करत आणि पुढच्या टेबलाकडे जात. कोणी वाईट वागलं नाही. तात्यांनी भजी मागवली, मला दिली, स्वतः एकही खाल्लं नाही.

पक्षाने त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर बातमी झाली असती. एक नोटीस आली, तिला तात्यांनी उत्तर दिलं, त्याचं पुढे काही झालं नाही. फक्त हळूहळू त्यांच्या अर्जांवर सह्या होईनात. त्यांनी सांगितलेल्या बदल्या होईनात, खांब हलेनात. लोकांना हे फार लवकर समजतं. ओसरीवरच्या चपला निम्म्या झाल्या, मग चार जोड, मग एखादा. दोन हजार तीनच्या निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला गेलं. प्रचाराची गाडी त्यांच्या घरावरून जायची तेव्हा भोंगा जरा हळू करत. तो मान होता की लाज, कोण जाणे.

आणि तो राष्ट्रीय मंडळाचा बेत? तो आपोआप विरला. बाकीच्या राज्यांनी ठराव लांबवले, मग लोकसभाच बरखास्त झाली, नवं सरकार आलं आणि त्या फायलीचं नाव कोणी काढलं नाही. तात्या बरोबर होते असं म्हणायला कोणी आलं नाही. कोणी हरलं नव्हतं, त्यामुळे कोणी जिंकलंही नव्हतं.

तात्यांनी अंबरीशला एक लांब पत्र लिहिलं होतं, मी का उभा राहिलो म्हणून. नऊ पानं. पेटीत टाकायला मीच गेले होते. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. तात्यांनी विचारलं, “पत्र मिळालं?” पलीकडून तो काहीतरी म्हणाला. तात्या म्हणाले, “हो, हो, सावकाश वाच. घाई नाही.” अंबरीशचं सगळं शिक्षण हिंदीत झालं. छापलेलं मराठी तो अडखळत वाचतो, तात्यांचं हाताचं अक्षर त्याला लागत नाही. “चूक माझीच,” तात्या म्हणाले. “मी दौऱ्यावर असायचो. मामीने शिकवलं तेवढं शिकवलं.”

मी म्हटलं, “मी हिंदीत करून पाठवू?”

“नको. तेच पुन्हा सांगायचं म्हणजे तक्रार केल्यासारखं होतं.”

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात सकरीबाईचा निरोप आला. ग्रामसभा आहे, तलावाचा विषय आहे, दादांनी यावं. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. किती दिवसांनी त्यांना कोणी बोलावलं होतं! मला सुट्टी होती, मीही गेले. बसमध्ये ते गाळ काढण्याबद्दल बोलत होते, पाळीवर करंजाची झाडं लावण्याबद्दल बोलत होते.

विषय निराळाच निघाला. तलावाची रस्त्याकडची अर्धी बाजू उथळ होती. ती मुरूम टाकून बुजवायची आणि तिथे आठवड्याचा हाट भरवायचा, असं गावाचं म्हणणं होतं. शाळेच्या अंगणात जाजम घातलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. तात्यांना खुर्ची दिली, पण ते जाजमाच्या कडेला बसले.

त्यांना बोलायला दिलं. ते भरपूर बोलले, विधानसभेपेक्षा जास्त. उथळ बाजूनेच पाणी जमिनीत मुरतं, ती बुजवली तर खालच्या विहिरी फाल्गुनातच तळाला जातील, हे त्यांनी काडीने मातीवर काढून दाखवलं. लोकांनी मन लावून ऐकलं. मग सकरीबाई उभी राहिली.

“दादांची गोष्ट खोटी नाही,” ती तिच्या बोलीत म्हणाली. “पण तलाव आता दिवाळीनंतर राहतो किती? बोअरचे नळकूप आले, पाणी तिकडून येतं. आमच्या बायका मेथीची जुडी विकायला नालछापर्यंत पायी जातात आणि तिथे त्यांना कडेला उन्हात बसवतात. इथे आमचा हाट झाला तर आम्ही सावलीत बसू. दादा, आम्ही विचार करूनच आलो आहोत.”

हात वर करायची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. मोजायचं कोणी? एका फळीतल्यांनी दुसऱ्याच्या माणसाला नको म्हटलं. तेवढ्यात मागून कोणी म्हातारा म्हणाला, “दादा गिणी ले. दादा झूठ नी बोले.” सगळ्यांना पटलं.

तर तात्यांनी मोजलं. रांगेरांगेतून फिरत, बोटाने हवेत खूण करत. बाजूने एकशे त्रेचाळीस. विरोधात अकरा. एका पोक्त माणसाने शंका काढली, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तेवढेच भरले. त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला आणि वहीत लिहून दिला. त्यांचं स्वतःचं मत त्यात नव्हतं. ते त्या गावचे मतदार नव्हते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. करंजाचा विषय निघाला नाही.

आठवड्याभरात संताजीराव तात्यांच्या घरी आले. ते आता खासदार झाले होते. दोन वर्षांनी त्या ओसरीसमोर मोठी गाडी थांबली. माणूस वाईट नव्हता. तात्यांबद्दल त्यांना काहीतरी टोचत असावं.

“ऐकलं मी बोरखेडीचं,” ते म्हणाले. “तुमचा जीव होता त्या तळ्यात. मंत्रालयात माझी ओळख आहे. दिल्लीतून एक पत्र आलं, की जलस्रोत म्हणून स्थगिती, तर कलेक्टर उद्या काम थांबवेल. तुम्ही फक्त अर्ज द्या. दोन ओळी.”

मी आत चहा करत होते. मला वाटलं, देव पावला.

तात्यांनी विचारलं, “ग्रामसभेचा ठराव आहे. तो रद्द होईल?”

“गुंडाळून ठेवतील.”

“मग नको.”

“अहो, तुम्ही बरोबर आहात! विहिरी आटतील, हे तुम्हीच सांगताय!”

“आटतील,” तात्या म्हणाले. “बहुतेक आटतीलच.”

मी चहा घेऊन बाहेर आले, तर संताजीरावांनी माझ्याकडे बघितलं, जणू आता मी काही समजवावं. चहा न घेताच गेले. ते गेल्यावर मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदाच तात्यांशी आवाज चढवून बोलले. म्हटलं, “हट्टासाठी तळं घालवणार का? त्यांना कळत नाही, तुम्हाला कळतं. मग वाचवायला काय हरकत आहे?”

“अवंती,” ते म्हणाले, “त्या एकोणीस दिवसांत भोपाळला बसलेल्या साहेबालाही असंच वाटत असेल. की यांना कळत नाही, मला कळतं.”

“पण तुम्ही तो साहेब नाही.”

“अर्ज दिला की झालो.”

मी चिडून घरी निघून गेले. चार दिवस गेलेच नाही त्यांच्याकडे. पाचव्या दिवशी गेले तर ते ओसरीवर बसले होते आणि खाणावळीचा डबा तसाच न उघडलेला बाजूला. मी ताट वाढलं. त्यांनी जेवताना एवढंच म्हटलं, “तू आलीस ते बरं केलंस. बोलायला कोणी नसलं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं.”

पावसाआधी अर्धा तलाव बुजला. गुरुवारी हाट भरायला लागला. मी एकदा मुद्दाम गेले होते. भाजीवाल्या बायका पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या, दोन कपड्यांची दुकानं होती, एक जिलेबीवाला. खालच्या दोन विहिरी पुढच्या वर्षी फाल्गुनात नव्हे, माघातच आटल्या. म्हणजे तात्यांचं आणि सकरीबाईचं, दोघांचंही खरं झालं.

त्याआधी, जानेवारीत, पंचायतीच्या निवडणुका झाल्या. हाटातल्या जागा कुणाला पुढच्या आणि कुणाला मागच्या, यावरून गावात भांडणं झाली होती, आणि त्यात सकरीबाई पडली. महिन्याभराने ती धारला तहसीलच्या कामाला आली आणि तिथून सरळ तात्यांकडे आली. मी होते. ती ओसरीच्या पायरीवर बसली. तात्यांनी वर बस म्हटलं तरी तिथेच बसली. कुत्रं येऊन तिचे पाय हुंगून गेलं.

मग तिने विचारलं, “दादा, आधी दारात इतके लोक यायचे. आता कोणी ‘राम राम’सुद्धा करत नाही. हे असंच असतं?”

“असंच असतं.”

“सवय कितने दिन में पड़ी तुमको?”

तात्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, हिशोबाचं उत्तर द्यायचं असल्यासारखा.

“अजून नाही पडली,” ते म्हणाले.

ती हसली. तात्याही हसले, पुष्कळ दिवसांनी. मग तिने पिशवीतून मेथी काढून माझ्याकडे दिली आणि विहिरींचं सांगायला लागली. कोणत्या आटल्या, कधी, किती हातांवर पाणी होतं. तात्या मधूनमधून विचारत होते, ती सांगत होती. मी आत जाऊन मेथी निवडायला घेतली. बाहेरून दोघांचे आवाज येत होते, एक मराठी वळणाचं हिंदी, एक तिची बोली. शेवटची नालछाची बस साडेसहाला असते. तिला ती चुकू नये म्हणून मी सहा वाजता बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा ती उठली.